आठवड्याचे दोन तास, शेजारच्या रुग्णासाठी

सहेरीला सगळे घर जागे होते. स्वयंपाकघरात चहा उकळत असतो, मुले अर्धवट झोपेत ताटावर येऊन बसतात, घड्याळाकडे बघत शेवटचा घोट घेतला जातो. आतल्या खोलीतले माणूस मात्र रात्रभर जागेच असते. पक्षाघाताने एक बाजू गेलेली आई, किंवा जबड्याच्या कॅन्सरमुळे तोंड उघडू न शकणारे वडील. त्यांना रोजा माफ आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या आजाऱ्याने रोज्याऐवजी फिदिया द्यावा, म्हणजे प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावे, हा नियम घरात सगळ्यांना ठाऊक असतो आणि ती रक्कम वेळेवर निघतेही. पण त्या खाटेवरच्या माणसाला कुशीवर वळवायला, पाठीवरची जखम बघायला, चार रात्री न झोपलेल्या सुनेला दोन तास डोळा लागावा म्हणून तिथे बसायला बाहेरून कोणी येईल, अशी व्यवस्था देशातल्या बहुतेक गावांत नाही.

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात ती आहे. 2011 च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या 41 लाखांवर होती. त्यात सुमारे 70 टक्के मुस्लिम आणि 27 टक्क्यांहून अधिक हिंदू. या जिल्ह्याचे नाव राष्ट्रीय बातम्यांत येते ते बहुधा निवडणुकीच्या गणितासाठी किंवा एखाद्या वादासाठी. आरोग्यक्षेत्रातल्या लोकांना मात्र तो वेगळ्या कारणाने माहीत आहे. जगभरातून डॉक्टर, परिचारिका आणि अभ्यासक इथे येतात ते अंथरुणाला खिळलेल्या माणसांची काळजी त्यांचे शेजारी कशी घेतात, हे पाहायला.

या कामाला इंग्रजी नाव पॅलिएटिव्ह केअर. मल्याळममध्ये त्यासाठी 'सांत्वन' हाच शब्द रूढ आहे. मराठीत सांत्वन आठवते ते माणूस गेल्यावर, घरी भेटायला जाताना. तिकडे ते माणूस जिवंत असताना सुरू होते. वेदना कमी करणे, जखमा स्वच्छ ठेवणे, लघवीची नळी बदलणे, श्वास लागत असेल तर आराम पडेल असे करणे, आणि घरच्यांना हे सगळे शिकवणे एवढा त्याचा वैद्यकीय भाग. उरलेला भाग पैशांचा, एकटेपणाचा आणि भीतीचा असतो. तो एकट्या डॉक्टरला पेलत नाही.

सुरुवात शेजारच्या कोझिकोड शहरात झाली. 1993 साली तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी' ही धर्मादाय संस्था उभी केली. राजगोपाल आणि सुरेश कुमार दोघेही भूलतज्ज्ञ. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला 'आता काही करण्यासारखे नाही, घरी न्या' असे सांगून परत पाठवले जाते आणि मग तो घरी कळवळत पडतो, हे त्यांनी रोज पाहिले होते. करण्यासारखे बरेच आहे, हे त्यांना माहीत होते.

त्यातले पहिले म्हणजे तोंडाने घ्यायचे मॉर्फिन. गोळी स्वस्त, परिणाम खात्रीचा. साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते, सोबत पोट साफ राहण्याचे औषध द्यावे लागते आणि मात्रा रुग्णागणिक ठरवावी लागते. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतलेल्या या औषधाने रुग्ण व्यसनी होईल ही भीती अनाठायी आहे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. अडचण कायद्याची होती. 1985 च्या एनडीपीएस कायद्याने अमली पदार्थांच्या तस्करीला लगाम घालताना मॉर्फिनभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले की औषध दुकानदारांनी ते ठेवणेच सोडून दिले. पुढच्या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घटला. ज्या देशात मध्य प्रदेश आणि राजस्थानातले शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात आणि जिथून जगाला ती निर्यात होते, तिथलेच रुग्ण वेदनेने ओरडत राहिले. केरळने राज्याच्या पातळीवर नियम सोपे केले. केंद्राला कायद्यात दुरुस्ती करायला 2014 साल उजाडले. त्या लढ्यात राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कोझिकोडचा बाह्यरुग्ण विभाग चालू लागला, त्याची कीर्ती पसरली, जागतिक आरोग्य संघटनेने आदर्श प्रकल्प म्हणून त्याची दखल घेतली. तरी एक गोष्ट खटकत होती. ज्याला बसताही येत नाही, त्याने पन्नास-साठ किलोमीटर गाडी करून कोझिकोडला यायचे कसे? येणारा येत होता, न येऊ शकणारा यादीतही नव्हता. मंजेरी, निलंबूरसारख्या मलप्पुरममधल्या गावांत छोटे दवाखाने निघाले, पण तेही पुरेसे नव्हते. आणखी एक गोष्ट लक्षात आली. घरी भेट दिल्यावर रुग्ण ज्या अडचणी सांगत, त्यांतल्या अर्ध्याअधिक औषधाच्या नसतच. घरात तांदूळ नाही, मुलाची शाळा सुटली, कर्जवाला दारात येतो, जखमेच्या वासामुळे नातेवाईक खोलीत येत नाहीत. यावर डॉक्टर कोणती गोळी लिहून देणार?

म्हणून 2000 सालाच्या सुमारास दिशा बदलली. रुग्णाने दवाखान्यापर्यंत येण्याऐवजी गल्लीनेच रुग्णापर्यंत जावे, असे ठरले. 'नेबरहूड नेटवर्क इन पॅलिएटिव्ह केअर' या नावाने शेजाऱ्यांचे जाळे विणायला सुरुवात झाली. अट साधी होती. आठवड्यातून किमान दोन तास आपल्या भागातील आजाऱ्यासाठी देऊ शकेल त्याने यावे. त्याला सोळा तासांचे वर्ग आणि चार दिवसांचे प्रत्यक्ष काम एवढे प्रशिक्षण द्यायचे. रिक्षावाला, निवृत्त शिक्षक, गृहिणी, दुकानदार, कॉलेजचा विद्यार्थी कोणीही चालेल. स्वयंसेवक औषध ठरवत नाही, ते काम डॉक्टर-परिचारिकांचे. तो माणसे शोधतो, बोलतो, ऐकतो, अंग पुसायला मदत करतो, घरच्यांना कुशीवर वळवण्याची पद्धत दाखवतो आणि काही बिघडले तर परिचारिकेला कळवतो. गावाचा स्वतःचा एक छोटा दवाखाना, त्याची एक गाडी, एक परिचारिका, आठवड्यातून एक-दोनदा येणारा डॉक्टर. ती गाडी घरोघर फिरते.

पैसा कुठून आला, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात: आखातातून. ते अर्धेच खरे आहे. मलप्पुरममधून दोन-तीन पिढ्या आखातात गेल्या आणि तिकडून मोठ्या रकमेच्या देणग्याही येतात. पण कामाचा कणा राहिला तो गावातल्याच छोट्या देणग्यांचा. दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवलेला डबा, शाळेत मुलांनी जमवलेली नाणी, बसच्या एका दिवसाच्या फेऱ्यांचे उत्पन्न, लग्नघरातून आलेली पाकिटे. 15 जानेवारी हा केरळात पॅलिएटिव्ह दिवस म्हणून पाळला जातो. आणि मशिदींतून, विशेषतः रमजानमध्ये, निघणारा सदका. ज्या गावाने डब्यात दहा रुपये टाकले, ते गाव गाडी वेळेवर निघाली की नाही हेही विचारते. परदेशी अनुदानावर चालणाऱ्या कामाला असे विचारणारे कोणी नसते.

आखाताचा परिणाम खरा दिसतो तो दुसरीकडे. कमावते पुरुष परदेशी, घरात वृद्ध आणि स्त्रिया. म्हणजे पैसा आहे, पण उचलायला हात नाही. रुग्णाला खाटेवरून खुर्चीत बसवायला दोन माणसे लागतात आणि मनीऑर्डरने ती येत नाहीत. शेजाऱ्याची गरज श्रीमंत घरालाही पडली. केवळ गरिबांसाठीची योजना म्हणून हे काम पाहिले गेले असते, तर त्याला कदाचित एवढा पाठिंबा मिळाला नसता.

मागे एक जुनी सवयही होती. 18 एप्रिल 1991 रोजी केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा कोझिकोडच्या मानांचिरा मैदानावर झाली, ती केली चेलक्कोडन आयिशा या नवसाक्षर महिलेने. ती मलप्पुरम जिल्ह्यातलीच. त्या मोहिमेत हजारो स्वयंसेवक घरोघर फिरून कोणाला वाचता येत नाही याची यादी करत होते. दहा वर्षांनी त्याच भागात तशीच माणसे घरोघर फिरून कोण अंथरुणाला खिळले आहे याची यादी करू लागली, यात नवल वाटायचे कारण नाही. वाचनालये, सहकारी संस्था, 1996 पासून पंचायतींकडे आलेला नियोजनाचा पैसा, ही सगळी जमीन आधीच नांगरलेली होती.

जाळे पसरले तसे कॅन्सरच्या पलीकडेही गेले. झाडावरून पडून कमरेखालचा भाग निकामी झालेले तरुण, पक्षाघाताचे रुग्ण, डायलिसिसवरचे, अतिवृद्ध, मानसिक आजारी. त्यांच्यासाठी एअर बेड आणि चाकाच्या खुर्च्या उसन्या मिळू लागल्या. रुग्णाच्या घरी दर महिन्याला तांदूळ जाऊ लागला, मुलांना वह्या आणि गणवेश मिळू लागले. यादीत नाव घालताना धर्म हा निकष नव्हता. मुस्लिमबहुल गावातल्या हिंदू घरी बुरख्यातली स्वयंसेविका जखमेची पट्टी बदलणाऱ्या परिचारिकेच्या शेजारी बसून असते, मंदिराच्या वाटेवरचा दुकानदार मुस्लिम रुग्णाच्या घरी तांदूळ पोहोचवतो. तिकडे ही बातमी होत नाही. ती बातमी होत नाही हेच बरे.

2008 मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. पुढे पंचायतींनी प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत गृहभेटीची पथके नेमली, परिचारिकांचे पगार सरकारी निधीतून होऊ लागले. 2010 मध्ये इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने आयुष्याच्या अखेरीस मिळणाऱ्या काळजीबाबत 40 देशांची क्रमवारी लावली. भारत त्यात शेवटचा, चाळिसावा होता. त्याच अहवालात केरळचा उल्लेख मात्र अपवाद म्हणून, कौतुकाने होता. 2015 च्या क्रमवारीत 80 देशांत भारत 67 वा आला.

या कामाची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. त्यात दोष आहेत आणि ते केरळातले लोकच बोलून दाखवतात. सोळा तासांच्या प्रशिक्षणावर किती जबाबदारी टाकायची, यावर डॉक्टरांमध्ये सुरुवातीपासून मतभेद आहेत. काही ठिकाणी गृहभेट म्हणजे रक्तदाब मोजून परत येणे एवढीच उरते आणि ज्याला मॉर्फिनची गरज आहे त्याच्यापर्यंत डॉक्टर पोहोचतच नाही. सरकारी परिचारिका आली तसे 'आता सरकार बघेल' म्हणून काही गावांत स्वयंसेवक पांगले. दुसरीकडे, या कामाला प्रतिष्ठा आल्यावर राजकीय पक्ष आणि धार्मिक संघटनांनी आपापली पथके काढली. एकाच गल्लीत दोन झेंड्यांच्या दोन गाड्या आणि पलीकडच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावर एकही नाही, असे झाले तर यादीचा हेतूच हरवतो. शिवाय घरात चोवीस तास शुश्रूषा करणारी व्यक्ती जवळजवळ नेहमी स्त्रीच असते. शेजाऱ्यांचे दोन तास तिचा भार हलका करतात, उतरवत नाहीत.

तरीही महाराष्ट्रासाठी या सगळ्यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. 2011 मध्ये केरळात साठीच्या पुढचे लोक 12.6 टक्के होते, महाराष्ट्रात 9.9 टक्के, देशात 8.6. म्हणजे महाराष्ट्र त्याच वाटेवर आहे, थोडा मागे. या राज्याला अशा कामाची ओळखही नवी नाही. मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र 1997 पासून आहे. टाटा मेमोरियलमध्ये स्वतंत्र विभाग आहे. पण ही मोठ्या शहरांची नावे आहेत. टाटामधून 'आता घरी न्या' असे सांगून निघालेला रुग्ण जळगाव, परभणी किंवा अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत बसला की त्याच्या पुढच्या तीन महिन्यांचा कोणी वाली नसतो. कोझिकोडमध्ये 1993 साली जी अडचण होती, ती इथे आज आहे.

पैशाची टंचाई हे कारण पुरत नाही. रमजानमध्ये महाराष्ट्रातल्या कोणत्याही मध्यम शहरात जकात, सदका आणि फितरा मिळून जी रक्कम फिरते तिचा हिशेब कोणी एकत्र मांडत नाही, पण ती लहान नसते. ती जाते कुठे? मदरशांकडे, शिष्यवृत्त्यांकडे, विधवांच्या मदतीकडे आणि मोठ्या प्रमाणावर रेशनच्या किटकडे. यातले काहीच वाईट नाही. 2020 आणि 2021 मध्ये याच मशिदी-मोहल्ल्यांच्या कमिट्यांनी ऑक्सिजनचे सिलिंडर घरोघर पोहोचवले, ज्यांच्या अंत्यविधीला नातेवाईक येऊ शकले नाहीत त्यांना, धर्म न विचारता, खांदा दिला. आरोग्याचे काम या लोकांना जमत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पण किट घ्यायला रांगेत उभे राहावे लागते. जो उभा राहू शकत नाही, तो या व्यवस्थेला दिसतच नाही. त्याच्या घरातली बाईही रांगेत येऊ शकत नाही, कारण त्याला एकटे सोडता येत नाही.

इथे एक फिकही अडचण पुढे केली जाते आणि ती टाळून बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हनफी परंपरेत जकातीची रक्कम गरजू व्यक्तीच्या मालकीची व्हावी लागते आणि ती मुस्लिम गरजूंसाठी मानली जाते. मग परिचारिकेचा पगार, गाडीचे डिझेल, दुसऱ्या धर्माच्या रुग्णाचे औषध हे जकातीतून कसे करायचे? उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि ते इथे सुटणार नाहीत. पण नफली सदक्याला आणि लिल्लाह रकमेला ही अट नाही. गरीब मुस्लिम रुग्णाच्या औषधाला आणि रेशनला जकात, बाकी सर्व खर्चाला सदका, असे दोन वेगळे हिशेब ठेवणे मोहल्ल्यातल्या कोणत्याही निवृत्त लेखनिकाला जमेल. आणि इयादत, म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणे, ही तर सुन्नत. तिला ना निसाब लागतो, ना अडीच टक्क्यांचे गणित. ती शेजाऱ्यासाठी आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. मात्र आजची इयादत म्हणजे फळांची पिशवी घेऊन जाणे, दहा मिनिटे बसणे, 'अल्लाह शिफा दे' म्हणून निघणे. ज्याला शिफा मिळणार नाही हे सगळ्यांना कळून चुकले आहे, त्याच्या खोलीत काय बोलावे हे कोणालाच सुचत नाही आणि मग जाणे कमी होते. मलप्पुरममधले प्रशिक्षण या एका गोष्टीवर बरेच तास घालवते: न बोलता कसे बसावे, रुग्णाला बोलू कसे द्यावे.

रमजानमध्ये आणखी एक गोष्ट घडते, ती या कामातल्या डॉक्टरांना ओळखीची आहे. आयुष्यभर एकही रोजा न चुकवलेला रुग्ण दुपारची गोळी उशीखाली दडवतो. तेरा-चौदा तासांचा रोजा आणि दर चार तासांची मात्रा यांचा मेळ बसत नाही, वेदना उसळते आणि घरच्यांना कारण कळत नाही. त्याला डॉक्टरने समजावून उपयोग होत नाही. मोहल्ल्यातल्या मशिदीचे इमाम खाटेशेजारी बसून 'तुमच्यावर रोजा फर्ज नाही' असे सांगतात तेव्हा तो गोळी घेतो. ज्या गावात इमाम, परिचारिका आणि शेजारी एकाच यादीवर काम करतात, तिथे हे एका संध्याकाळी सुटते.

2014 च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन ठेवण्यासाठी चार-पाच खात्यांचे परवाने लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून रुग्णालयाला मान्यता मिळाली की पुरे. म्हणजे जिल्हा रुग्णालयात तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आहे का, नसेल तर मान्यतेचा अर्ज केला आहे का, हा प्रश्न कोणीही नागरिक जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारू शकतो. ईदनंतर निवेदन घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळांच्या मागण्यांत तो अजून तरी दिसत नाही. कब्रस्तानाची भिंत, शादीखाना, रस्ता या मागण्यांच्या यादीत ही एक ओळ बसेल. आणि त्याच आठवड्यात प्रभागातल्या दोनशे घरांची दारे ठोठावून, ती कोणाचीही असोत, आत कोण झोपून आहे एवढे विचारायला फार तर चार संध्याकाळी लागतील.